जुन्या स्लाइडसाठी स्कॅनर निवडताना

स्लाइड स्कॅनरच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला आकडा डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्याचा, असतो, आणि बहुतेकांची निवड त्याच आकड्यावर होते. प्रत्यक्षात स्कॅन चांगला येणार की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टींत त्या आकड्याचा वाटा बराच कमी असतो. आपल्याकडच्या स्लाइड कोणत्या फिल्मवर काढलेल्या आहेत, त्या किती गडद आहेत, त्यांच्यावर बुरशी चढली आहे का आणि त्यांची संख्या किती आहे, या चार प्रश्नांची उत्तरे आधी मिळवली, तर यंत्राची निवड पुष्कळ सोपी होते. म्हणून दुकानात किंवा संकेतस्थळावर जाण्याआधी स्लाइडचे डबे उघडून बसावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मराठी घरांत आणि संस्थांत असे डबे कमी नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत गेलेल्या अनेक कुटुंबांनी तिथले पहिले घर, पहिला बर्फ आणि मुलांचे वाढदिवस कोडॅकच्या स्लाइडवर टिपून ठेवले. इकडे गिर्यारोहण संस्थांनी हिमालयातील मोहिमांचे स्लाइड-शो गावोगाव दाखवले, तर वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व आणि कलेतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आयुष्यभराच्या अध्यापनाचे साहित्य याच पाच सेंटिमीटरच्या चौकोनांत साठवले. प्रोजेक्टर बंद पडले, त्यांचे दिवे मिळेनासे झाले आणि हा सारा ठेवा कपाटात गेला. त्यातले किती तरी चित्रण दुसरीकडे कुठेही उपलब्ध नाही, आणि काही फिल्मचे रंग आजही, हे वाचत असताना, उडत आहेत.

स्लाइड म्हणजे पॉझिटिव्ह फिल्म. कॅमेऱ्यातून गेलेली फिल्मच धुऊन, कापून, पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत, म्हणजे माउंटमध्ये, बसवलेली असते. ३५ मिमी फिल्मवरील चित्र २४ × ३६ मिमी आकाराचे असते. एवढ्याशा तुकड्यात सावलीपासून प्रखर उजेडापर्यंतचा जो पल्ला सामावलेला असतो, तो कागदावरच्या छायाचित्रात कधीच नसतो. त्यामुळे कागदी फोटो सुरेख स्कॅन करणारे यंत्र स्लाइडपुढे हात टेकू शकते.

आता डीपीआयचा हिशोब. यंत्र प्रत्येक इंचात किती ठिकाणी प्रकाश मोजते, ते हा आकडा सांगतो. ४००० डीपीआयने ३५ मिमी स्लाइड स्कॅन केली, तर सुमारे ५६७० × ३७८० पिक्सेल, म्हणजे साधारण २१ मेगापिक्सेलचे चित्र मिळते आणि छपाईच्या ३०० डीपीआय या प्रचलित मापाने ते जवळपास १९ × १२.५ इंचांपर्यंत छापता येते. २४०० डीपीआयने तेच चित्र पावणेआठ मेगापिक्सेलचे होते. फोर-के टीव्हीचा पडदा ८.३ मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे घरच्यांनी एकत्र बसून पाहण्यासाठी तेही जवळपास पुरते. हातात कॅमेरा धरून, तिपाईशिवाय काढलेल्या कौटुंबिक स्लाइडमध्ये बहुधा याहून फार जास्त तपशील नसतोच. ट्रायपॉडवरून, चांगल्या लेन्सने, कमी आयएसओच्या, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील पण बारीक कणांच्या, फिल्मवर काढलेल्या स्लाइडमध्ये मात्र ४००० डीपीआयपर्यंतचा तपशील खरोखर असतो.

अडचण अशी की यंत्राने किती ठिकाणी मोजले आणि त्याच्या लेन्सला किती बारीक दिसले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खोक्यावर फक्त पहिली छापलेली असते. एप्सनच्या व्ही-६०० आणि व्ही-८५० या दोन्ही फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर मूळ चित्र ठेवून चालणाऱ्या, स्कॅनरवर ६४०० डीपीआय हा एकच आकडा आहे. बारीक होत जाणाऱ्या रेघांचा चाचणी-तक्ता स्कॅन करून मोजले, की व्ही-६०० सुमारे १६०० वर आणि व्ही-८५० सुमारे २३०० वर थांबतो. म्हणजे पहिल्यातून जेमतेम साडेतीन मेगापिक्सेलचा खरा तपशील हाती येतो, तर दुसऱ्यातून सुमारे सात. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म ८२००-आय या केवळ फिल्मसाठी बनवलेल्या स्कॅनरवर ७२०० लिहिलेले असते आणि खरी क्षमता ३३०० च्या आसपास भरते. त्यावर ७२०० ची सेटिंग ठेवून १६ बिटमध्ये (म्हणजे रंगांच्या अधिक बारीक छटा नोंदवून) स्कॅन केल्यास एका स्लाइडची फाइल ४०० एमबीच्या वर जाते, वेळ कितीतरी वाढतो आणि दिसण्यासारखे नवे काही मिळत नाही. तिथे ३६०० ची सेटिंगच शहाणपणाची. यंत्र कोणतेही असो, त्याचा छापील आकडा बाजूला ठेवून कोणी स्वतंत्रपणे चाचणी घेऊन मोजलेला आकडा शोधावा.

माझ्या मते याहून निर्णायक असते ती यंत्राची गडद भागात पाहण्याची ताकद. फिल्मचा काळेपणा डेन्सिटीत मोजतात. डेन्सिटी ३ असेल तिथून पडलेल्या प्रकाशाचा हजारावा भाग आरपार जातो, ३.६ असेल तिथून साधारण चार हजारावा आणि ४ असेल तिथून दहा हजारावा. स्लाइड फिल्ममधले सर्वांत गडद भाग ३.५ च्या आसपास आणि कधी त्याच्याही पुढे जातात. इतक्या क्षीण प्रकाशात स्वस्त सेन्सर चित्राऐवजी स्वतःचाच खरखराट नोंदवू लागतो. सावलीच्या जागी काळ्यावर निळसर-जांभळे ठिपके आणि आडव्या रेषा उमटतात. कंपन्या ‘डी-मॅक्स’ म्हणून जो आकडा देतात, तो बहुधा केवळ गणिती असतो. म्हणून त्यावर भिस्त न ठेवता परीक्षा घ्यावी.

परीक्षेसाठी एकच स्लाइड पुरते, पण ती नीट निवडावी. समजा, एखाद्या गडावरून दुपारी काढलेली स्लाइड आहे: वर पांढरा ढग, खाली सावलीतला काळा कातळ आणि त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या. ही स्लाइड आधी लाइट बॉक्सवर, म्हणजे आतून उजळलेल्या पांढऱ्या पेटीवर, किंवा मोबाइलच्या पडद्यावर पांढरा रंग पूर्ण उजेडात लावून त्याच्यापासून बोटभर उंच धरून, भिंगातून पाहावी. किती पायऱ्या मोजता येतात आणि ढगाच्या कडा कुठपर्यंत दिसतात, ते टिपून ठेवावे. मग तीच स्लाइड स्कॅन करून पडद्यावर सावलीचा भाग उजळावा. भिंगातून मोजलेल्या पायऱ्या तिथे सापडल्या आणि ढगही फटफटीत पांढरा झाला नाही, तर यंत्र कामाचे आहे. पायऱ्यांच्या जागी काळा चिखल आणि रंगीत ठिपके दिसले, तर त्या यंत्राचा डीपीआय कितीही असो, ते स्लाइडसाठी घेऊ नये. ओळखीच्या कोणाकडे स्कॅनर असेल, तर खरेदीपूर्वी ही एक स्लाइड घेऊन त्यांच्याकडे जाऊन यावे. पाच परीक्षणे वाचण्यापेक्षा तेवढ्यातच जास्त कळते.

यानंतर पाहावी ती फिल्मची जात. कोडाक्रोम १९३६ पासून ३५ मिमीत मिळू लागली, कोडॅकने तिचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले आणि ती धुणारी जगातील शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो, हिने २०१० च्या अखेरीस हे काम बंद केले. कोडाक्रोम मुळात कृष्णधवल थरांची फिल्म होती; तिच्यातले रंग धुण्याच्या प्रक्रियेत बाहेरून घातले जात. त्यामुळे अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग पन्नास-साठ वर्षांनंतरही आश्चर्य वाटावे इतके टिकलेले दिसतात. प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्याखाली मात्र ते इतर फिल्मपेक्षा लवकर फिकट होतात. एक्टाक्रोम, आग्फाक्रोम, पूर्व जर्मनीची ऑर्वो अशा अन्य फिल्ममध्ये रंगाची द्रव्ये फिल्मच्या थरांतच असतात, आणि त्यांपैकी जुन्या काळातल्या फिल्मचा रंग अंधारातही उडत जातो. निळा-हिरवा आधी गेला, की उरलेले चित्र गुलाबी-तांबूस दिसू लागते. डब्यात अशा तांबूस स्लाइड दिसल्या, तर त्या सर्वांत आधी स्कॅन कराव्यात; कोडाक्रोम थांबू शकते.

ओळखायचे कसे? बहुतेक पुठ्ठ्याच्या माउंटवर फिल्मचे नाव छापलेले असते. कोडॅकच्या पुठ्ठ्यावर पुष्कळदा महिना आणि वर्षही उठवलेले सापडते. ती तारीख फोटो काढल्याची नसून फिल्म धुतल्याची असते, तरी कुटुंबाच्या इतिहासासाठी तिचे मोल मोठे. नाव नसेल, तर स्लाइड दिव्याखाली तिरकी धरून तिच्या निस्तेज बाजूकडे पाहावे. कोडाक्रोम असेल, तर गडद आणि उजळ भागांच्या सीमेवर पृष्ठभाग किंचित उंच-सखल, कोरल्यासारखा दिसतो. इतर फिल्मची ती बाजू बरीच सपाट भासते.

ही ओळख करून घेण्याचे कारण रंगांपुरते नाही. धूळ आणि ओरखडे आपोआप काढून टाकणारी जी सोय चांगल्या स्कॅनरमध्ये असते, आणि जी डिजिटल आइस या नावाने प्रसिद्ध झाली, ती इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशावर चालते. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्ये इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात. धुळीचा कण, केस, ओरखडा मात्र त्याला अडवतो. म्हणून यंत्र नेहमीच्या स्कॅनबरोबर एक इन्फ्रारेड स्कॅनही करते, त्यातून केवळ घाणीचा नकाशा मिळवते आणि तेवढ्याच जागा शेजारच्या रंगांनी भरून काढते. एक्टाक्रोमसारख्या फिल्मवर हा परिणाम थक्क करणारा असतो. एका स्लाइडवरचे डाग हाताने पुसायला संगणकावर पंधरा-वीस मिनिटे सहज जातात, हे लक्षात घेतले, तर शेकडो स्लाइड असणाऱ्याने इन्फ्रारेड नसलेला स्कॅनर घेऊच नये, असे मी म्हणेन. प्लस्टेकचा ८१०० आणि ८२००-आय यांच्यातला मुख्य फरक हाच आहे, आणि ८२००-आयसाठी मोजावे लागणारे जास्तीचे पैसे पूर्ण वसूल होतात.

कोडाक्रोमवर मात्र ही सोय अडखळते, कारण तिच्यातले निळसर-हिरवे रंगद्रव्य आणि ते उंच-सखल थर इन्फ्रारेडला काही प्रमाणात अडवतात. यंत्र मग चित्रातल्या बारीक कडांनाच घाण समजून पुसू लागते. कृष्णधवल फिल्मवर तर ती अजिबात वापरू नये. तिथे चित्रच चांदीच्या कणांचे असते आणि चांदी इन्फ्रारेडला साफ अडवते. कोडाक्रोमच्या स्कॅनवर निळी झाकही येते. सिल्व्हरफास्ट, व्ह्यूस्कॅन यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोडाक्रोमसाठी वेगळी सेटिंग असते, ती निवडली की बरेच काम भागते. डब्यात नव्वद टक्के कोडाक्रोम असेल, तर इन्फ्रारेडचे महत्त्व उतरते आणि कॅमेऱ्याने स्लाइड टिपण्याचा पर्याय सरस वाटू लागतो.

बुरशीचा प्रश्न आपल्या हवामानात टाळता येत नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की फिल्मवरच्या जिलेटिनवर बुरशी पोसली जाते, आणि मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्याहून पुष्कळ वर असते. उजेडासमोर धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले तंतू दिसले, तर ती बुरशी. तिला पाणी लावू नये, कारण बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळून चित्रासकट निघून येऊ शकते. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवावी, मग गरज असेल तिथेच निर्जल आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा फिल्म क्लीनर मऊ बोळ्याने हलकेच फिरवावे, आणि हा प्रयोग प्रथम बिनमहत्त्वाच्या स्लाइडवर करावा. वरवरची बुरशी इन्फ्रारेडला दिसते, म्हणून ती सॉफ्टवेअरने बरीचशी झाकली जाते. जिथे तिने रंगाचा थर खाल्ला आहे, तिथली जखम कोणतेही यंत्र भरून काढत नाही.

इतके हाती आल्यावर यंत्रांचे प्रकार पाहू. फ्लॅटबेडची खरी जागा मिश्र संग्रहात आहे. ज्यांच्याकडे ३५ मिमीबरोबर १२० फिल्मच्या ६ × ६ सेंटिमीटरच्या मोठ्या स्लाइड, निगेटिव्ह आणि अल्बममधले कागदी फोटोही आहेत, त्यांच्यासाठी तो उत्तम. व्ही-८५० एका वेळी बारा स्लाइड घेतो आणि त्याच्या होल्डरची उंची बदलून फोकस सुधारता येतो. व्ही-६०० चार घेतो आणि उंची बदलता येत नाही. फक्त ३५ मिमी स्लाइड असतील, तर खास फिल्म स्कॅनर त्याच पैशात बहुधा जास्त देतो. अपवाद ४ × ४ सेंटिमीटरच्या सुपरस्लाइडचा: तिचे माउंट नेहमीच्याच आकाराचे असते, पण चित्र मोठे असल्याने ३५ मिमीचा स्कॅनर तिच्या कडा कापतो.

निकॉनचे कूलस्कॅन अजूनही वाखाणले जातात आणि ते योग्यच आहे. कूलस्कॅन ५००० ईडी खरोखर ४००० डीपीआयच्या जवळ पोहोचतो, फोकस स्वतः साधतो, आणि एसएफ-२१० हा फीडर जोडला तर पन्नास स्लाइड एकामागून एक घेतो. परंतु निकॉनने ही यंत्रे बनवणे कधीच थांबवले आहे, कंपनीचे जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकांवर चालत नाही आणि सेकंड-हँड यंत्राचा भाव चढा असतो. असे यंत्र घेताना जोडणी यूएसबीची आहे की जुन्या फायरवायरची ते विचारावे, आणि काळ्यावर पांढरी रेघ असलेली स्लाइड स्कॅन करून पाहावी. रेघेभोवती धुरकट वलय आले, तर आतल्या आरशावर धूळ बसलेली आहे. फीडरवरही डोळे मिटून विसंबू नये. कोपरे वाकलेल्या पुठ्ठ्याच्या स्लाइड त्यात अडकतात, आणि काचेच्या माउंटमधल्या स्लाइड त्यात घालूच नयेत.

बाजारात तळहातावर मावणारे, छोटा पडदा असलेले स्वस्त स्लाइड स्कॅनरही मिळतात. त्यांच्या आत स्कॅनर नसून मोबाइलच्या दर्जाचा छोटा कॅमेरा असतो. तो क्षणात फोटो काढतो, ८ बिटची जेपेग फाइल देतो आणि सावल्या बुडवतो. कोणत्या स्लाइड नीट स्कॅन करायच्या, हे निवडण्यासाठी तो वापरला तर हरकत नाही. जतन करण्यासाठी तो अपुरा आहे.

ज्यांच्याकडे चांगला डिजिटल कॅमेरा आधीच आहे, त्यांनी स्कॅनर विकत घेण्याआधी कॅमेऱ्याचा विचार जरूर करावा. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि १:१ मोठेपणा देणारी मॅक्रो लेन्स एवढ्यावर स्लाइडचा फोटो घेतला, तर तो हिशोबाने ४२०० डीपीआयच्या बरोबरीचा होतो. निकॉनचा ईएस-२ हा जोड लेन्सच्या पुढे बसतो आणि स्लाइड सरळ रेषेत धरून ठेवतो. त्याऐवजी कॉपी स्टँड आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप) ९५ हून अधिक असलेला सपाट एलईडी दिवा वापरता येतो. किमान आयएसओ, एफ-८ च्या आसपास छिद्र आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल ही पथ्ये पाळावीत. स्लाइड फार गडद असेल, तर दोन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन जोडता येतात. सगळी मांडणी एकदा जमली, की मिनिटाला तीन-चार स्लाइड सहज होतात. उणीव एकच आणि मोठी: इन्फ्रारेड नाही. म्हणून प्रत्येक स्लाइडवरची धूळ आधीच झटकणे इथे अनिवार्य ठरते.

वेळेचा हा मुद्दा लोक शेवटी विचारात घेतात. तो आरंभीच घ्यायला हवा. एक-एक स्लाइड हाताने सरकवणाऱ्या स्कॅनरवर साफसफाई, इन्फ्रारेड स्कॅन आणि फाइलला नाव देणे धरून पाच मिनिटे लागली, तर हजार स्लाइडना ८३ तास लागतात. रोज एक तास दिला तरी जवळपास तीन महिने. पाचशेच्या आत स्लाइड असतील, तर हे निभते. दोन-तीन हजार असतील, तर कॅमेरा किंवा ट्रे-फीडर यांखेरीज काम पुरे होत नाही, असा अनुभव अनेकांचा आहे. आणखी एक मार्ग म्हणजे सगळ्या स्लाइड लाइट बॉक्सवर पाहून त्यातल्या खऱ्या मोलाच्या वेगळ्या काढणे. एकाच सूर्यास्ताच्या सात स्लाइड असतील, तर एक पुरते.

काम बाहेर द्यायचे ठरवले, तर प्रयोगशाळेला ‘किती डीपीआय’ एवढेच विचारून थांबू नये. यंत्र कोणते, फाइल टिफ (पूर्ण तपशील राखणारी) मिळणार की जेपेग (दाबून लहान केलेली), इन्फ्रारेड वापरणार का आणि कोडाक्रोम वेगळी हाताळणार का, हे विचारावे आणि आपली कातळ-ढगाची स्लाइड नमुन्यासाठी द्यावी. मूळ फाइल १६ बिट टिफमध्ये ठेवली, तर ४००० डीपीआयला एक स्लाइड सुमारे १३० एमबी घेते, म्हणजे हजार स्लाइडना १३० जीबी. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवून तिसरी दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर ठेवावी. माउंटवर पेन्सिलीने लिहिलेली नावे आणि गावे फाइलच्या माहितीत उतरवून घ्यावीत, कारण ते हस्ताक्षर ओळखणारी माणसे आज विचारायला आहेत.

स्कॅन झाल्यावर मूळ स्लाइड टाकून देऊ नयेत. पीव्हीसीच्या पाकिटांतून बाहेर पडणारी द्रव्ये फिल्मला चिकटतात, तेव्हा पॉलिप्रॉपिलिनची पाकिटे घ्यावीत, बुरशी लागलेल्या स्लाइड निराळ्या डब्यात ठेवाव्यात आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या पावसाळ्याच्या तोंडावर बदलाव्यात.